दगडवाटेवरून परतलेल्या गाडीचे तीन आवाज

प्रश्न : माझ्याकडे फोर बाय फोर पिकअप ट्रक आहे. डिझेल, मागे पाटे, पुढे कॉइल स्प्रिंग. मागच्या शनिवार-रविवारी तो डोंगरातल्या दगडाळ वाटेवर नेला होता. चिखल भरपूर होता आणि एक ओढा ओलांडताना पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. डांबरी रस्त्यावर परत आल्यापासून तीन आवाज येताहेत. पुढच्या उजव्या चाकातून पत्रा घासल्यासारखी करकर येते, मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. थांबलेली गाडी काढताना आणि रिव्हर्स टाकताना मागे खालून ‘खट्’ असा एकच आवाज येतो. आणि ६० च्या पुढे गेलं की घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, तो वेगाबरोबर वाढतो. गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि चारही चाकांची बेअरिंग, मागचे पाटे आणि शॉकअप बदलायला सांगितले. पुढच्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन लांबच्या प्रवासाला जायचं आहे. सगळं बदलून घेऊ का? की गाडी आहे तशीच नेली तर चालेल?

उत्तर : दोन्ही नको. तशी गाडी घेऊन लांब जाऊ नका आणि आज कुठलाही पार्ट विकत घेऊ नका. तुम्ही आवाजांचं वर्णन इतकं नेमकं केलं आहे की निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. तिन्ही आवाजांची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत. त्यांतलं एक अगदी किरकोळ असावं, एक मध्यम, आणि एक मात्र गाडी खाली जाऊन तपासल्याशिवाय सोडून देण्यासारखं नाही. चार चाकांची चार बेअरिंग एकाच सहलीत एकदम जाणं फार दुर्मीळ. ज्याने गाडी जॅकवर चढवली नाही, चाक हाताने हलवून पाहिलं नाही, त्याने दिलेली पार्टांची यादी म्हणजे अंदाज आहे, आणि अंदाजाचे पैसे तुम्ही भरू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पहिलं काम गाडी खालून धुण्याचं. हे सांगण्याइतकं साधं वाटत असेल, पण खडबडीत वाटेवरून आलेल्या गाडीचे कितीतरी आवाज पाण्याच्या पाइपने जातात. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल, मागच्या ड्रममध्ये शिरलेली वाळू, पाट्यांच्या मधे बसलेले खडे, स्किड प्लेटवर (गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावर) साठलेली माती आणि गोटे हे सगळं काढा. रिमच्या आतला चिखल विशेष लक्ष देऊन काढा. मूठभर चिखल एका जागी चिकटला तरी चाकाचं बॅलन्सिंग बिघडतं आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. प्रेशर वॉशर असेल तर त्याची धार बेअरिंगच्या सीलवर, रबरी बूटांवर आणि वायरिंगच्या कनेक्टरवर सरळ मारू नका. नाही तर बाहेरची घाण तुम्हीच आत ढकलाल. धुऊन झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात काही वेळा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क आणि लायनर कोरडे होतील.

धुताना सायलेन्सरच्या आसपास सुकं गवत किंवा काटक्या अडकलेल्या दिसल्या तर त्या तिथेच काढून टाका, अर्थात सायलेन्सर गार झाल्यावर. डिझेल गाडीचा पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, स्वतःला साफ करताना फार तापतो आणि त्याला लागून असलेलं गवत पेटू शकतं. याचा आवाजाशी संबंध नाही, पण खाली वाकलाच आहात तर हे बघितल्याशिवाय उठू नका.

दुसरं काम व्हील नट. टॉर्क रेंच मिळाला तर उत्तमच. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा बघा आणि नट एकाआड एक, समोरासमोरचे घेत आवळा. वाटेत पंक्चर होऊन चाक बदललं असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि रिम यांच्या मधे माती राहिली तर नट घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि थोडं अंतर गेल्यावर सैल पडतात. चाक फिरेल तशी लयीत येणारी ठकठक ऐकू आली तर घरी पोहोचेपर्यंत थांबू नका, जागीच उतरून नट बघा.

आता आवाजांकडे वळू. आवाज कसा येतो हे सगळेच सांगतात. करकर, खडखड, घरघर. पण एकच करकर पाच वेगळ्या जागांहून येऊ शकते. आवाज कशाबरोबर बदलतो, हे पकडलं की जागा सापडते. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस केल्यावर आवाज वाढला, तर तो इंजिनकडचा: बेल्ट, फॅन, सायलेन्सर, एखादा सैल पत्रा. गाडी धावताना सपाट, मोकळ्या रस्त्यावर ५० च्या आसपास वेग धरून न्यूट्रल करा. किल्ली बंद करायची नाही, इंजिन चालूच ठेवायचं, नाही तर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर पुस्तकात धावताना न्यूट्रल करायला मनाई आहे का, ते आधी बघा, आणि मनाई असेल तर फक्त ॲक्सिलरेटर सोडून ऐका. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला आणि वेग उतरेल तसा उतरत गेला तर तो चाकं, बेअरिंग, टायर यांच्याकडचा. न्यूट्रल करताच गेला तर ताकद वाहून नेणाऱ्या भागांकडचा. ब्रेक दाबल्यावर बदलतो का, स्टिअरिंग वळवल्यावर बदलतो का, फक्त खड्ड्यातच येतो का, हेही एकेक करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेजारी कुणीतरी बसवा आणि त्यांना वेग, गिअर, वळण कागदावर लिहायला सांगा, कारण चालवणाऱ्याला सगळं लक्षात राहत नाही.

मोजता येणाऱ्या आवाजासाठी एक हिशेब फार उपयोगी पडतो. अशा ट्रकच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन ते अडीच मीटर असतो. ताशी १० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे जाते, म्हणजे चाक सेकंदाला एकदा किंवा किंचित जास्त फिरतं. मागच्या डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधोमध असलेला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा दात्यांचा डबा) गुणोत्तर अशा गाड्यांत चारच्या आसपास असतं, त्यामुळे त्याच वेळात प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा, चार-पाच वेळा फिरतो. आता एखाद्या भिंतीच्या कडेने, काचा खाली करून, १० च्या वेगाने जा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि नीट ऐकू येतो. ‘टक्... टक्... टक्’ असा सेकंदाला एकदा येत असेल तर चाक, ब्रेक, टायरमध्ये रुतलेला दगड यांच्याकडे जा. त्याच वेगाला भराभर, मोजताना दमछाक होईल असा येत असेल तर शाफ्ट आणि त्याचे जॉइंट. परत येताना गाडीची दुसरी बाजू भिंतीकडे ठेवा.

तुमची करकर मला या पहिल्या गटातली वाटते. डिस्क ब्रेकच्या मागे पातळ पत्र्याचं डस्ट शील्ड असतं. डिस्क आणि हा पत्रा यांच्या फटीत एखादा बारका खडा जाऊन बसला की कानठळ्या बसवणारी करकर सुरू होते. आवाज इतका भयंकर असतो की चाक निखळतंय असं वाटावं. पण खडा हलला की आवाज थांबतो, पुन्हा अडकला की सुरू होतो. मध्येच थांबणं आणि पुन्हा येणं हे तुम्ही लिहिलंत, ते याच्याशी चपखल जुळतं. झिजलेलं बेअरिंग किंवा संपलेलं ब्रेक पॅड असं मनात येईल तेव्हा सुट्टी घेत नाही.

उपाय सोपा आहे. मोकळ्या जागी गाडी हळू रिव्हर्स घ्या, थांबा, पुढे घ्या, असं काही वेळा करा. पुष्कळदा खडा खाली पडतो. नाही पडला तर चाक काढून, डिस्क गार झाल्यावर, पत्रा बोटाने हलकेच बाहेर ओढा आणि खडा काढा. मोठ्या दगडाला घासून पत्राच वाकलेला असेल तर तो हाताने सरळ करून डिस्कपासून लांब करा. पत्रा उपटून फेकून देण्याचा सल्ला काही जण देतील, तो घेऊ नका. चिखल आणि उष्णता यांपासून तो बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा फिरता सांधा) आणि सेन्सरच्या वायरीला सांभाळतो.

चाक काढलंच आहे तर पॅडची जाडी बघा, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) हाताने सरकतो का बघा, आणि ब्रेकची रबरी नळी कुठे खरचटली नाही ना, तेही पाहा. हलका ब्रेक दाबताच करकर थांबत असेल तर पॅड सैल बसलं आहे किंवा त्याची क्लिप निघाली आहे. ब्रेक दाबल्यावर करकर वाढत असेल तर पॅड संपलं आहे किंवा पॅडमध्ये खडा रुतला आहे, आणि मग डिस्कवर खोल चरे दिसतील. त्याच जागेवरून ड्राइव्ह शाफ्टच्या (पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याच्या) रबरी बूटांवर टॉर्च मारा. बूट फाटलं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतात. बूट नुकतंच फाटलं असेल आणि त्याच्या आतला सीव्ही जॉइंट, म्हणजे या दांड्याचा वळणारा सांधा, वाजत नसेल, तर साफ करून, नवं ग्रीस भरून, नवं बूट घातल्यावर तो वाचतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर ‘कट-कट-कट’ येऊ लागलं की मात्र तो जॉइंट गेला.

‘खट्’ या आवाजाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण गॅरेजवाल्याने पाटे सांगितले त्यात थोडंफार तथ्य असू शकतं, पण तिथे पोहोचायच्या आधी पायऱ्या आहेत. गाडी पुढे निघताना ताकद एका दिशेने लागते, रिव्हर्समध्ये उलट्या दिशेने. दिशा बदलताना जिथे जिथे मोकळीक आहे तिथला भाग एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाऊन आपटतो. म्हणून हा आवाज एकदाच येतो आणि नेमका त्याच क्षणी येतो. ही मोकळीक असण्याच्या मुख्य जागा चार: प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे, चार टोप्यांचे फिरते जोड), शाफ्टचा सरकणारा, खाचांचा म्हणजे स्प्लाइनचा जोड, डिफरन्शियलच्या आतले दात, आणि ॲक्सल ज्याने पाट्याला बांधलेला असतो ते यू-बोल्ट.

तपासायला गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून खाली कधीही जायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. आता प्रोपेलर शाफ्ट हाताने धरून दोन्ही बाजूंना पिळा. थोडा फिरेल; डिफरन्शियलच्या दातांमध्ये तेवढी जागा ठेवलेलीच असते, तिला घाबरू नका. बघायचं ते क्रॉसच्या दोन बाजूंकडे. एक बाजू हलते आणि दुसरी जागची हलत नाही, तर त्या क्रॉसच्या आतली सुयांसारखी बेअरिंग झिजली आहेत. शाफ्ट वर-खालीही ढकलून बघा. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस, गंजाची भुकटी दिसली तर पाणी आत गेलं आहे आणि ग्रीस धुतलं गेलं आहे. हळू वेगात कुईकुई ऐकू येत असेल तर तीही याचीच खूण.

क्रॉसला ग्रीस निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असेल तर ग्रीस गनने चारही टोप्यांतून जुनं, मातकट ग्रीस बाहेर पडून नवं दिसू लागेपर्यंत ग्रीस भरा. तीनमधून आलं आणि एका टोपीतून आलंच नाही, तर तिथे ग्रीस पोहोचत नाही आणि पहिल्यांदा तीच बाजू जाणार. निपल नसलेला सीलबंद क्रॉस हलत असेल तर तो बदलणं एवढाच मार्ग आहे. सरकत्या जोडालाही निपल असेल तर तिथेही ग्रीस द्या. पाण्यातून गेलेल्या गाडीत ही ‘खट्’ नुसत्या ग्रीसने जाण्याची शक्यता बरीच आहे. पण हलणारा क्रॉस घेऊन हायवेवर जाऊ नका. तो तुटला तर शाफ्टचं एक टोक मोकळं होऊन खाली आपटतं, आणि त्या वेगात आजूबाजूला ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या असतात.

यू-बोल्टवर रंग उडून चकाकणाऱ्या रेघा दिसल्या तर तिथे काहीतरी सरकतंय असं समजा. पुस्तकातल्या टॉर्कने आवळा. मग पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून (चेसिसला जोडलेल्या वळलेल्या टोकापासून) ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. फरक आला तर पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकला आहे, आणि ते काम प्रवासाआधी झालंच पाहिजे. पाट्याचं एखादं पान तुटलेलं आहे का, तेही धुतल्यावर स्पष्ट दिसतं. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या जवळ किंवा टोकाकडे जातो. पान अखंड आहे, बोल्ट जागेवर आहेत, गाडी एका बाजूला झुकलेली नाही, तर पाटे बदलायचं कारण मला दिसत नाही. शॉकअपचंही तसंच. शॉकअपच्या नळीवरून तेल ओघळलेलं असेल किंवा त्याच्या बुशातलं रबर फाटलं असेल तर तो गेला असं समजा. आणि तो आवाज छोट्या खड्ड्यांत ‘ठक-ठक’ असा येतो, तुमच्यासारखा गाडी काढताना नाही.

याच निमित्ताने फोर बाय फोरचा लिव्हर किंवा बटण पूर्ण टू-व्हीलवर आलं आहे का, हे बघा. पार्ट-टाइम प्रकारच्या, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जोडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि डांबरावर टायर घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो. मग स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी हिसके देते आणि अचानक मोठा ‘धाड’ आवाज येतो. दिवा विझला नाही किंवा लुकलुकत राहिला तर सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या. ताण उतरला की गिअर सुटतो. लॉकिंग हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडणारे हब) असतील तर दोन्ही सुटले आहेत का, तेही पाहा.

तिसरा आवाज, ६० नंतरची घूं. तुमच्या पत्रातली सर्वांत काळजी करण्यासारखी गोष्ट हीच आहे, कारण तिच्यामागे निरुपद्रवी कारणही असू शकतं आणि धोक्याचंही.

निरुपद्रवी आधी बघू. चिखलासाठी हवा कमी केली होती का? केली असेल तर परत भरली का? कमी हवेचा, मोठ्या नक्षीचा टायर डांबरावर चांगलाच गुणगुणतो आणि आतून तापतो, म्हणून हे आजच बघा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. गुळगुळीत डांबरावर कमी, खरखरीत काँक्रीटवर जास्त. बेअरिंगच्या आवाजाला रस्त्याचं सोयरसुतक नसतं. टायरच्या आतल्या भिंतीवर दगडाचा काप गेला आहे का, तेही हात फिरवून पाहा. बाहेरच्या बाजूचा सगळे बघतात, आतला राहून जातो.

टायर निर्दोष ठरले तर बेअरिंगची परीक्षा. मोकळ्या, रुंद रस्त्यावर आवाज येत असलेल्या वेगाला गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा घूं वाढली तर उजव्या बाजूचं बेअरिंग संशयित, उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या बाजूचं. हा पुरावा पक्का नव्हे, पण दिशा बऱ्यापैकी बरोबर दाखवतो. त्यानंतर वीसेक मिनिटं, ब्रेक कमीत कमी वापरून, गाडी चालवा आणि चारही हबच्या जवळ हात न्या. जवळ न्या, टेकवू नका, डिस्कने हात भाजतो. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागला तर तिथे बेअरिंग कोरडं पडलं आहे किंवा ब्रेक चिकटून बसला आहे.

मग चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खुळखुळ लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. चाक डावी-उजवीकडून धरून हलत असेल तर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचा चाक वळवणारा दांडा, बघा. पुढचं चाक हाताने फिरवत दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमध्ये बोटांना जाणवते, कानाला ऐकू आली नाही तरी. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड सैल निघाला तर गाडी चालवत गॅरेजमध्येही नेऊ नका, माणूस घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या. हे जोड सुटले की चाक आणि स्टिअरिंग यांचा संबंधच तुटतो.

हेही ठीक निघालं, तर घूं मागच्या डिफरन्शियलमधून येत असेल. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर वेगळा सूर, किंवा सोडल्यावर गायब, असं होत असेल तर संशय पक्का करा. आणि इथे तुमचा ओढा आठवतो. चालून तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढायला बघते. त्यासाठी वर ब्रीदर नावाची बारीक नळी किंवा टोपी असते. ती चिखलाने बुजली असेल तर हवा मिळत नाही, आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. पाणी मिसळलेलं गिअर ऑइल दातांना वाचवू शकत नाही. या दातांमध्ये सरकण्याचं घर्षण फार असतं आणि ऑइलच्या थराशिवाय ते लवकर खाल्ले जातात. शिवाय उभ्या गाडीत आतल्या बेअरिंगना गंज चढतो. आवाज येवो न येवो, तुमच्या गाडीचं हे ऑइल बघितलंच पाहिजे.

गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहू द्या, पाणी तळाला जाईल. सकाळी आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा प्लग उघडा. हा क्रम चुकवू नका. खालचा आधी सोडला आणि वरचा गंजून अडकला तर ऑइल नसलेली गाडी हलवताही येत नाही. वरचा उघडला की खालचा किंचित सैल करा. आधी पाणी टपकलं किंवा ऑइल दुधाळ, करडं निघालं, तर सगळं काढून नवं भरा, थोडं चालवून पुन्हा एकदा काढून बघा. प्लगच्या चुंबकावर काळी, मऊ पेस्ट असणं साहजिक आहे. टोकदार तुकडे किंवा दाताचा कपचा निघाला तर पुढे चालवू नका. पुढचं डिफरन्शियल, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारा डबा) आणि गिअरबॉक्स यांचंही ऑइल याच दिवशी बघून घ्या. ब्रीदर साफ करा, आणि पुन्हा पाण्यात जाणार असाल तर तो लांब नळीने बॉनेटखाली उंचावर नेऊन बसवा. या एका कामाने पुढची बरीच दुरुस्ती टळते.

बाकी काही गोष्टी झटपट. सायलेन्सरवरचा उष्णतेचा पत्रा सैल झाला की ठरावीक आरपीएमला झणझणतो. गार असताना मुठीने ठोकून बघा. सायलेन्सरचा जोड हलून गळत असेल तर गार इंजिनला फटफट ऐकू येते, आणि तो धूर केबिनमध्ये शिरू शकतो, म्हणून ते टाळू नका. मागे खाली टांगलेली स्टेपनी आणि जॅक घट्ट आहेत का बघा. पाण्यानंतर बेल्टची किंचाळी येत असेल तर इंजिन बंद असताना बेल्ट आणि पुल्या स्वच्छ पाण्याने धुवा. त्यानंतरही राहिली तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा अल्टरनेटरच्या बेअरिंगमध्ये माती गेली आहे. एअर फिल्टर उघडा. कागद ओला किंवा मातकट असेल तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं आणि इंजिन ऑइलही तपासायला हवं. आणि इंजिनच्या खालचं ऑइलचं चेंबर चेपलं आहे का, हे नक्की बघा. चेपलेला पत्रा आतल्या ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकला तर ऑइल कमी पडतं. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा इंजिनमधून घणाच्या ठोक्यासारखा आवाज आला, तर त्याच क्षणी इंजिन बंद. तिथून पुढे गाडी टो करूनच न्यायची.

हे सगळं बघून गॅरेजमध्ये गेलात की ‘आवाज येतो, बघा जरा’ असं सांगू नका. ‘६० ला घूं येते, न्यूट्रलमध्ये राहते, डावीकडे वळल्यावर वाढते, रस्ता बदलला तरी तशीच’ एवढं वाक्य सांगा आणि त्यांना घेऊन एक फेरी मारा. कुठलाही पार्ट बदलायच्या आधी जुन्या पार्टमधला दोष हातात घेऊन दाखवायला सांगा. बेअरिंग हलतंय तर हलताना दाखवा, क्रॉस गेला तर हाताने पिळून दाखवा. चांगला मिस्त्री हे आनंदाने दाखवतो. जो दाखवत नाही, त्याच्याकडे आई-वडील बसणार आहेत ती गाडी सोपवू नका.

एकावेळी एकच दुरुस्ती करा आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर फेरी मारा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज कशाने गेला ते कळत नाही, आणि तो परत आला की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. माझा अंदाज विचाराल तर खडा निघेल, क्रॉसला ग्रीस लागेल किंवा एक क्रॉस बदलावा लागेल, आणि घूं टायरची किंवा एका बेअरिंगची ठरेल. पण डिफरन्शियलचं ऑइल डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि पुढची चाकं जॅकवर हलवून बघितल्याशिवाय त्या प्रवासाला निघू नका. कामं निघण्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी उरका. चाकं काढली असतील आणि यू-बोल्ट आवळले असतील तर ८० ते १०० किलोमीटर चालवून ते सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासायचे असतात, आणि ते अंतर घराजवळच कापलेलं बरं.